साधा पंप आणि मर्लचा मंगळवार

१४ जून, रविवार

मर्लला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलंय, रोज एक चांगली गोष्ट लिहून ठेवत जा, मन थाऱ्यावर राहतं. त्यांचं काय जातंय सांगायला. पण वही आणलीच आहे तर लिहिते.

आजची चांगली गोष्ट: बर्निसने नूडल्स आणून दिल्या. मार्चपासून चर्चमधल्या बायका आम्हाला आळीपाळीने नूडल्सच खायला घालताहेत. देवा, मी मनापासून आभारी आहे, पण त्यांना आता दुसरं काहीतरी सुचव.

मार्चमध्ये मर्लला पक्षाघाताचा झटका आला तो शेडमध्येच. ट्रकचं नवं इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं आणि हा त्याच्याखाली आडवा. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. इतक्या शब्दांमधून नेमका एकच शिल्लक राहिला: मंगळवार. कॉफी हवी असली की मंगळवार. खिडकी लाव, मंगळवार. बर्निस आली की मंगळवार, तेही अशा सुरात की बर्निसला कळत नाही हे फार बरं आहे.

जनेलचा कोलंबसहून फोन आला. "आई, बाबांना किती समजतं हेच आपल्याला माहीत नाही. तू एकटी किती दिवस उचलाउचल करणार?" तिच्या घराजवळ अशा आजाऱ्यांना ठेवून घेणारं एक चांगलं केंद्र आहे म्हणे. तिथल्या बाई दहा ऑगस्टला येऊन त्याला बघून जातील. मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि भांडी घासत बसले. भांडी घासलेलीच होती.

१७ जून, बुधवार

शेडमधल्या इंजिनवरची चादर आज काढली. मर्लने जवळजवळ सगळं करून ठेवलंय. ब्लॉक मोठा करून घेतलाय, क्रँक बसवलाय, पिस्टन आत आहेत. राहिलंय काय, तर ऑइल पंप, त्याखालचा तेलाचा चेंबर आणि वरची झाकणं. पंप कोणता घ्यायचा हे ठरवायच्या आतच तो पडला.

मी पार्ट्सच्या दुकानात काउंटरमागे अर्धं आयुष्य काढलंय. पाना धरता येतो, तो कुठे लावायचा हेही कळतं. आमचा ट्रक गेली कित्येक वर्षं काउंटीच्या जत्रेतल्या शर्यतीत वजनाची स्लेज ओढतोय. मग यंदाच का नाही?

मर्लला सांगितलं, "तुझं इंजिन मी पुरं करते. जत्रेत ट्रक मी चालवणार."

तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं चुकलंच. मग म्हणाला, "मंगळवार." हळू, आणि ओठाच्या चांगल्या कोपऱ्यातून हसून. त्याला काय कळलं देव जाणे. पण हसला. आजच्यापुरतं पुष्कळ झालं.

२० जून, शनिवार

ऑरिन स्टकी टपकला. हा म्हणजे शर्यतीत आमच्याच गटात स्लेज ओढणारा, मर्लला गेली दोन वर्षं हरवणारा, आणि वर हसणारा. हातात टोमॅटोची पिशवी. यंदाचे इतक्या लवकर आलेले टोमॅटो त्याच्याकडेच आणि तेही आमच्यासाठी. मला तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

शेडमध्ये शिरून इंजिनभोवती फेऱ्या मारायला लागला.

"मर्लने बेअरिंगला फट किती ठेवलीय?"

"ते मर्लला विचार."

"घट्टच ठेवली असणार. तो नेहमी घट्टच ठेवतो. आणि चेंबर जुनाच लावणारेस?"

"जुन्याला काय झालंय?"

"काही नाही. मग पंप साधाच लाव, वर्ना. मोठा घेऊ नकोस."

"का रे? इंजिन मोठं केलंय ते साध्या पंपावर चालवायला?"

"सांगतोय ते ऐक ना बाई."

"ऐकलं. टोमॅटोबद्दल आभार. आता निघ, मर्लची आंघोळ राहिलीय."

एवढी वर्षं काउंटरमागे उभी राहून मी एकाही माणसाला 'मला लहान पंप द्या' म्हणताना ऐकलेलं नाही. ऑइलचं प्रेशर कधी जास्त होतं का? बेअरिंगला तेल भरपूर मिळालं की इंजिन जगतं, हे तर कालचं पोरही सांगेल. आणि हा शत्रू मला साधा पंप लाव म्हणतो! मोठा पंप आजच मागवला.

टोमॅटो मात्र गोड आहेत. चांगली गोष्ट म्हणून तेच लिहिते.

२६ जून, शुक्रवार

पंप आला. काय देखणा आहे! मर्लला दाखवायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. त्याने डाव्या हाताने उचलून वजन पाहिलं, उलटा केला, आतले दात बोटाने फिरवले. मग टेबलाच्या पार टोकाला सरकवून दिला.

"मंगळवार," म्हणाला.

"आवडला ना?"

"मंगळवार, मंगळवार, मंगळवार!"

आनंदाने लाल झाला होता. मग मी त्याला त्याचा व्हॅनिला मिल्कशेक करून दिला, जाड नळी घालून. त्याने एका दमात ग्लास रिकामा केला. संपल्यावरही नळी तोंडातून काढेना. तळाला नुसतं घुर्रर्र, घुर्रर्र करत राहिला आणि डोळे माझ्यावर रोखलेले. मी म्हटलं, पुरे आता, शेजाऱ्यांना ऐकू जाईल. त्याने ग्लास टेबलावर आपटला, पंपाच्या शेजारी. मी दुसरा मिल्कशेक करून दिला तर तोंड फिरवलं.

जनेलला वाटतं तसं त्याचं लहान मूल होत चाललंय की काय? तरी हट्टाला जीव आहे अजून. हट्टाबद्दल आभार.

३ जुलै, शुक्रवार

पंप बसवला. पंपाच्या खाली तेल ओढायची नळी आणि तिच्या तोंडाला जाळी असते. ही जाळी चेंबरच्या तळापासून बोटभर वर राहिली पाहिजे. जास्त खाली टेकली तर तेल ओढलं जात नाही, जास्त वर राहिली तर हवा ओढली जाते. मर्ल ही फट मातीचा गोळा दाबून मोजायचा. माती कुठे ठेवलीय ते सापडेना, म्हणून मी पीच फळाचा गोड पाय भाजायला मळलेल्या पिठाचा गोळा जाळीवर ठेवला, चेंबर दाबून बसवला, परत काढला आणि पिठाची जाडी मोजली. अगदी बरोबर आली.

मर्ल खुर्चीतून बघत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा तो खळखळून हसला. अर्धं तोंडच हसतं, पण पोट पूर्वीसारखंच हलतं. उरलेल्या पिठाचा पीच पाय केला.

११ जुलै, शनिवार

आजचा दिवस मला जन्मभर पुरेल. इंजिन सुरू करायच्या आधी त्यातल्या प्रत्येक गल्लीबोळात तेल पोचवावं लागतं, नाहीतर पहिल्याच फिरकीत बेअरिंग घासतात. त्यासाठी वरून एक दांडा खाली पंपापर्यंत सोडायचा आणि ड्रिल मशीनने पंप फिरवायचा. मी ड्रिल चालवलं आणि मर्लची खुर्ची इंजिनाला लावून त्याला वरच्या एक एक रॉकरकडे, म्हणजे झडपा दाबणाऱ्या दांड्यांकडे, बघायला बसवलं. पहिल्यापाशी तेल आलं की तो "मंगळवार" म्हणे, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. एकही चुकला नाही. शेवटच्या रॉकरमधून तेल पाझरलं तेव्हा मी ड्रिल टाकून त्याच्या टकलाचा मुका घेतला. माझे हात तेलाचे, त्याचं टक्कल तेलाचं.

मग इंजिन ट्रकमध्ये घातलं (बर्निसच्या नवऱ्याने क्रेन आणली, आभार) आणि सुरू केलं. ऑइल प्रेशरच्या गेजचा काटा असा वर गेला की मला वाटलं काच फोडून बाहेर येतो. म्हणे साधा पंप लाव!

मर्ल मात्र काट्याकडे बघून मान हलवत होता. दमला असेल.

२५ जुलै, शनिवार

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सराव ऑरिनच्या शेतात. जत्रेच्या आधी आम्ही सगळे तिथेच सराव करतो, त्याच्याकडे जुनी स्लेज आहे. मागे स्लेज बांधायची आणि मातीच्या पट्ट्यावर ओढत न्यायची. जसजसं पुढे जावं तसतसं स्लेजवरचं वजन पुढे सरकत ट्रकवर येतं, ट्रकचं नाक उचलतं आणि इंजिन जीव तोडून ओरडतं.

सुरुवात झकास. मी पाय दाबून ठेवला. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर गेजकडे नजर गेली तर काटा थरथरत खाली येतोय. मग धपकन शून्याकडे. मी पाय काढला. इंजिन थंडावलं आणि जरा वेळाने काटा आपला परत वर, काही झालंच नाही अशा थाटात.

ऑरिन धावत आला. "प्रेशर पडलं ना?"

"गेज खराब आहे."

"वर्ना, गेज खराब नाहीये. इंजिनच्या आत काय..."

"तुझ्या शेतात तुझ्या स्लेजला बांधून माझ्या ट्रकचं प्रेशर पडतं आणि तू मला शहाणपण शिकवतोस होय?"

हे मी सगळ्यांसमोर बोलले. त्याने मर्लच्या खुर्चीची चाकं चिखलातून काढून दिली, त्याला आमच्या गाडीत उचलून बसवलं, पट्टा लावला. मर्ल त्याच्या कानाशी बराच वेळ मंगळवार मंगळवार करत होता. ऑरिन मान हलवत "माहितीये रे, माहितीये" म्हणत होता. वेड्याची समजूत काढतात तसं. राग आला मला, आणि त्याला उचलून बसवल्याबद्दल आभारही वाटले. दोन्ही एकदम वाटल्याने डोकं दुखलं.

२९ जुलै, बुधवार

नवं गेज बसवलं. घरासमोर ट्रक उभा ठेवून बराच वेळ इंजिन ताणलं. काटा परत पडला.

आता मला भीती वाटतेय, आणि ती ट्रकची नाही. त्या बाई दहा तारखेला येणार. त्याच्या आधी मर्लने एकदा त्याचं इंजिन पट्ट्याच्या टोकाला गेलेलं बघावं, एवढंच मला हवं होतं. ते जळून गेलेलं बघितलं तर त्याचं काय होईल?

आजची चांगली गोष्ट सापडत नाही. उद्या दोन लिहीन.

२ ऑगस्ट, रविवार



जनेल कालपासून इथेच आहे. दुपारी तिघंही व्हरांड्यात बसलो होतो. मर्लपुढे मिल्कशेक, जाड नळीचा. जनेलपुढे लिंबूसरबत, बारीक नळीचं. टेबलावर जुन्या गेजचं खोकं. जनेल मला विचारत होती, "बाबा हल्ली रात्री झोपतात का? त्यांना ऊन सोसतं का?" तो तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलेला, आणि ती मला विचारतेय. मीही उत्तरं देत होते.

मर्लने गेजचं खोकं ओढून ग्लासाशेजारी ठेवलं. मग जाड नळीने ग्लास रिकामा केला आणि घुर्रर्र सुरू.

"बघ आई," जनेल हळूच म्हणाली. "असं असतं."

त्याने नळी उपसून जमिनीवर फेकली. जनेलचा ग्लास ओढला. तो भरलेला होता. बारीक नळीने एक घोट घेतला. थांबला. आणखी एक घोट. थांबला. ग्लास उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला: बघ, सरबत आहे अजून. मग बोट खोक्यावर. मग खाली पडलेल्या जाड नळीवर. मग शेडकडे. मग परत माझ्याकडे.

मी तशीच बसून राहिले. मग उठले. मग परत बसले.

चेंबर म्हणजे ग्लास. मोठा पंप म्हणजे जाड नळी. इंजिन जोरात फिरलं की तो चेंबरमधलं सगळं तेल उपसून वर इंजिनच्या डोक्यात नेऊन टाकतो, आणि ते वरून पाझरत खाली यायच्या आत तळ कोरडा. मग पंप तेलाऐवजी हवा ओढतो. घुर्रर्र. बेअरिंग घट्ट आहेत, त्यांना एवढं तेल लागतच नाही. साधा पंप पुरेसा होता.

"मर्ल," मी म्हटलं, "पंप मोठा झालाय?"

"मंगळवार!" तो ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मंगळवार! मंगळवार!"

बाई गं. जूनपासून हा माणूस मला सांगतोय. पंप टेबलावर आला त्या दिवसापासून. आणि मी त्याला दुसरा मिल्कशेक करून देत होते!

मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तो डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत होता, अगदी पूर्वीसारखं, जरा जास्तच जोरात. तो आत आहे. सगळाच्या सगळा आहे. फक्त दार अडकलंय. देवा, आजच्याएवढी मी तुझी कधीच आभारी नव्हते.

जनेल बारीक नळी हातात धरून बसून राहिली होती.

५ ऑगस्ट, बुधवार

सोमवारी लाज बाजूला ठेवून ऑरिनला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं. वाटलं आता हा महिनाभर हसणार. तो म्हणाला, "जेवून येतो," आणि न जेवताच आला.

साध्या पंपाचं खोकं त्याच्या ट्रकमध्येच होतं. खाली नळी डकवून, झाळून तयार; शर्यतीत हादऱ्याने नळी निसटते म्हणून झाळावीच लागते.

"हा तुझ्याकडे कसा काय?"

"पडलेला होता."

मर्लच्या मापाचा पंप, मर्लच्या चेंबरच्या मापाने वाकवलेली नळी, याच्याकडे नुसती पडलेली. लोक काय काय साठवून ठेवतात!

दोन दिवस तो माझ्याबरोबर ट्रकखाली होता. इंजिन वर उचलून धरल्याशिवाय चेंबर निघत नाही, आणि निघताना बोटांची सालं काढून निघतो. त्याचा स्वतःचा ट्रक अजून तसाच उघडा पडलाय म्हणे. मी म्हटलं, "अरे, तू माझ्याच गटात ओढणारेस. मला कशाला उभं करतोयस?"

"बंद पडलेल्याला हरवण्यात काय मजा?" मग जरा वेळाने ट्रकखालूनच म्हणाला, "माझं इंजिन फुटलं होतं त्या वर्षी मर्लने स्वतःच्या इंजिनचे हेड काढून मला दिले होते. आणि मग मी त्यालाच हरवलं. विसरलीस?"

विसरले नव्हते. मर्ल तेव्हा आठवडाभर त्याच्या नावाने शिव्या देत होता आणि खुशही होता.

फट मोजायला मी माती शोधत होते. मर्ल खुर्चीतून "मंगळवार" म्हणाला आणि हाताने लाटण्याची खूण केली. पीठ मळलं.

९ ऑगस्ट, रविवार

काल जत्रा. आज चर्च बुडवून लिहितेय. देव समजून घेईल, त्याचंच चाललंय सगळं.

आधी ऑरिन. लांब गेला, टोकाच्या जरा अलीकडे थांबला. मग मी. मर्ल कठड्याशी खुर्चीत, शेजारी जनेल. हिरवं निशाण पडलं आणि मी पाय दाबला. लोकांना स्लेज दिसत असेल, माती उडताना दिसत असेल. मला फक्त काटा दिसत होता. नाक उचललं, काटा जागेवर. वजन वर आलं, काटा जागेवर. शेवटी चाकं खड्डा खणायला लागली आणि ट्रक थांबला, तरी काटा आपला तिथेच, खुंटीला टांगल्यासारखा.

ऑरिनच्या चार फूट मागे राहिले. दुसरा नंबर.

परत येऊन बॉनेट उघडलं. ऑरिन मर्लच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बायकोला पाठवलंस तरी हरलासच की रे म्हाताऱ्या!"

"मंगळवार," मर्ल म्हणाला. सभ्य माणसांत लिहिता येणार नाही असा तो मंगळवार होता.

"तुझाच मंगळवार!" ऑरिन म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

११ ऑगस्ट, मंगळवार

काल त्या केंद्राच्या बाई आल्या. भल्या होत्या, चांगले बूट घातले होते. मर्लसमोर बसल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यांना बोललेलं कितपत समजतं?"

मी तोंड उघडायच्या आत जनेल म्हणाली, "त्यांनाच विचारा ना."

बाई जरा गोंधळल्या. मग मर्लकडे वळून मोठ्याने, एक एक शब्द तोडत म्हणाल्या, "मर्ल, आज कोणता वार आहे?"

"मंगळवार," मर्ल म्हणाला.

बाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. काल सोमवार होता, त्यांचं काही चुकलं नाही. जनेलने त्यांना पीच पायचा मोठा तुकडा बांधून दिला, गाडीपर्यंत सोडलं आणि परत आली ती माझ्याकडे नाही, सरळ बापासमोर येऊन बसली. त्याच्यापुढे दोन नळ्या ठेवल्या, एक जाड, एक बारीक.

"बाबा, समजा चेंबर मोठा घेतला. मग मोठा पंप चालेल?"

मर्लने तिच्याकडे नीट बघितलं. मग बोलायला लागला. हात हलवत, टेबलावर बोटाने चेंबर काढत, थांबत, परत सुरू करत, नुसते मंगळवार. जनेल मध्ये एकदाही बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नाहीच. साधाच ठेवायचा." त्याने टेबलावर थाप मारली.

मी स्वयंपाकघरात होते. ती मला काही विचारायला आली नाही.

आज सकाळी पडदा उघडला तर तो आधीच जागा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मंगळवार."

मी म्हटलं, "हो रे राजा. आज आहेच."